पोटची किती, घरात वाढलेली किती

मनांग लुमिंगने इतक्या वर्षांत मला एकदाही गोड आवाजात "जरा थांब रे" म्हटलं नाही. "थांबव!" म्हणून खेकसायची, आणि मी ब्रेक लावेपर्यंत तिचा एक पाय ट्रायसिकलच्या बाहेर. कारण काय, तर रस्त्याच्या कडेने कोणीतरी चाललेला असायचा आणि त्याची एक चप्पल जमिनीला घासत असायची. माझ्या गाडीच्या, म्हणजे बाजूला पाळणा जोडलेल्या मोटरसायकलच्या, फटफटीत मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तिला ते घासणं ऐकू यायचं. एकदा तर ती अशी उतरली की मागून येणारी बर्फाची गाडी तिच्यावरच आली असती. त्या ड्रायव्हरने आईबापांवरून शिव्या दिल्या, त्या मी खाल्ल्या, आणि ही बाई पलीकडे त्या माणसाला विचारतेय, "तोतो, बाळा, तुझं आजोळ कुठलं रे?"

आजोळ! कारण हे दुखणं आजोळाकडून येतं. लुबाग म्हणतो आम्ही त्याला, म्हणजे पीळ. आमच्या कापीसच्या किनाऱ्याला घराघरांत आहे. पस्तिशी-चाळिशीचा धडधाकट गडी, एकटा होडी ओढणारा, आणि एक दिवस त्याचा पाय त्याचं ऐकेनासा होतो. मग मान एका बाजूला पिळते, जीभ बाहेर येते, घास गिळता येत नाही. पुरुषांनाच होतं, बायका नुसत्या पुढे देतात. मनिलाचे लोक आम्हाला हसतात, कापीसमध्ये म्हणे अस्वांग राहतात, रात्री पंख लावून उडणारी भुतं. अहो, भुतं कसली! आमचे भाऊ आहेत ते. जीभ आत घेता येत नाही म्हणून माणसाला भूत म्हणायचं? जाऊ दे, या विषयावर माझं डोकं फिरतं.

लुमिंगचे दोन थोरले भाऊ यात गेले. दुसरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. इलुमिनादा बोरेस, शिक्षण दहावी, गावच्या दवाखान्यात सुया उकळायची आणि बाळांची वजनं करायची. मनिलाहून संशोधक आले तेव्हा त्यांना रक्त हवं होतं आणि घराण्यांच्या वंशावळी हव्या होत्या. पण पांढरे कोट बघून लोक दारं लावून घेत. मग कोणीतरी म्हणालं, त्या वजनं करणाऱ्या बाईला विचारा, तिला कुणी हाकलत नाही. त्यांनी तिला रक्त काढायला शिकवलं, तक्ता काढायला शिकवलं, आणि गाडी म्हणून माझी ट्रायसिकल ठरवली. तिला मी मनांग म्हणतो, थोरली बहीण म्हणून. सख्खी नाही, पण सख्खीने मला इतकं झापलेलं नाही.

तक्ता म्हणजे असा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला लुबाग झाला त्याचा चौकोन काळा. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, मुलांना खाली उभी रेघ. लोकांना ते पाठच झालं होतं. बाजारात माणसं ओरडायची, "मनांग, मला अजून पांढरा ठेवलायस ना?" आणि ती तोंड वर न करता, "पांढराच आहेस, आतून रिकामा आहेस ना!" बाजार हसायचा. पण तोच माणूस हसून झाल्यावर तिच्या मागे मागे यायचा आणि हळूच पाय दाखवायचा.

तिची कामाची रीत होती. रक्त काढायच्या आधी नळीवर नाव लिहायचं, नंतर कधीच नाही. नाव त्या माणसाला वाचून दाखवायचं, वाचता येत असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यायचं. मगच सुई. एका वेळी एकच नळी बाहेर, बाकी सगळ्या डब्यात. डबा म्हणजे आपला मासळीचाच, पांढरा, बर्फ भरलेला. एकदा बंदरावर एका बाईने त्यात बांगुस मासा असेल म्हणून झाकण उघडलं आणि जी किंकाळी फोडली! लुमिंगने शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाली, "ताजं आहे, पण विकायचं नाहीये." मी आठवडाभर हसत होतो.

लोक विचारत, मनांग, एवढं रक्त नेऊन ते करतात काय? मग ती ओसरीवर बसून सांगायची. तुमच्या अंगात न दिसणाऱ्या बारीक बारीक पेशी आहेत, आणि प्रत्येकीकडे एक वही आहे, आपल्या नोव्हेनाच्या प्रार्थनांच्या वहीसारखी. काय करायचं ते सगळं त्यात लिहिलेलं. या दुखण्यात त्या वहीत भलतंच एक पान शिवलं गेलंय. बाकीच्या पेशी तसंच रेटून वाचतात. मेंदूतल्या काही पेशी त्या पानापाशी अडखळतात आणि हळूहळू मरतात. ही वही मुलाला आईकडून येते. बाप मुलाला दुसरीच वही देतो, ही देतच नाही. म्हणून बापाला लुबाग असला तरी मुलगा सुटला. हे शेवटचं वाक्य ती दोनदा सांगायची, आणि ते ऐकताना मी बापये रडताना बघितलेत.

पुन्ता गामाय गावचा आर्नुल्फो त्यांपैकीच एक. त्याचा बाप तिबुर्सियो लुबागनेच गेला, मी स्वतः त्याला दोनदा दवाखान्यात नेलं होतं. आर्नुल्फो एकुलता एक. तिशी आली तरी लग्न करेना. पोरगी ठरली होती, मेर्लिंडा नावाची, ती बिचारी चार वर्षं थांबली होती. हा म्हणायचा, कशाला? दहा वर्षांनी माझी जीभ पुसायला? लुमिंग त्याच्या घरी गेली, तक्ता मांडला, त्याची आई सल्बिंग हिचं रक्त मनिलाला पाठवलं. सल्बिंग लेतेची, दुसऱ्या बेटावरची, तिच्या घराण्यात लुबाग कुणी ऐकलाही नव्हता. रक्त साफ आलं. लुमिंगने तो कागद आर्नुल्फोच्या हातात दिला आणि म्हणाली, "बापाकडून येत नाही, आईकडे नाही. तू सुटलास. आता त्या पोरीला थांबवू नकोस, नाहीतर मीच तुला चपलेने मारीन." दोन महिन्यांत लग्न झालं. आम्ही दोघं जेवायला होतो. वर्षभरात मुलगा झाला, जोवेल. त्या घरात लुमिंगला जो मान होता तो आमच्या पाद्रीबाबांनाही नव्हता.

जोवेल दहा वर्षांचा झाला त्या साली आम्ही सहज त्यांच्या दारात थांबलो. सल्बिंग वारून तीन वर्षं झाली होती. पायरीवर चपला काढलेल्या. लुमिंगची नजर आधी चपलांवर जायची, ती तिची खोड. मीही बघितलं. आर्नुल्फोच्या जोडातली उजवी चप्पल चांगली होती. डावीचा पुढचा भाग झिजून कागदासारखा झाला होता. ती पायरीवर उभीच राहिली. आतून मेर्लिंडा म्हणतेय, "मनांग, ये ना, पान्सित केलंय," आणि हिला पाऊल उचलेना.

रक्त घेतलं, मेर्लिंडाचंही घेतलं, मनिलाला पाठवलं. महिन्याने डॉक्टर इलागान यांचा फोन आला. नवीन डॉक्टरीण, तरुण, हुशार, बोलणं सुरीसारखं. लुमिंगला फोन कानाला धरायला आवडत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बायकोचं रक्त साफ. आर्नुल्फोच्या रक्तात लुबागची खूण आहे. आणि आणखी एक, हे रक्त सल्बिंगच्या रक्ताशी जुळत नाही. आई-मुलाचं असूच शकत नाही.

"मिसेस बोरेस, तुमच्या नळ्या बदलल्यात."

"बदलल्या नाहीत."

"पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. मला साक्षीला उभं केलं, नळीवरचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं, जसं काही मी परीक्षक. पुन्हा तेच आलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणजे सल्बिंगची जुनी नळी चुकीची. आणि तेव्हा चूक झाली असेल तर त्या वर्षांतल्या बाकीच्या नळ्यांचा तरी भरवसा काय? तीनशे घरांचे नमुने बाजूला ठेवावे लागतील. तोवर नवं रक्त पाठवू नका.

तीनशे घरं! त्या तीनशे घरांत जायला माझी तीन टायरं झिजली आहेत, आणि तिचे गुडघे. चिखलातून, निपा माडांच्या दलदलीतून, होडीत उभं राहून, डबा डोक्यावर धरून. माझ्या तोंडून डॉक्टरीणबाईंबद्दल जे निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

लुमिंग मात्र ट्रायसिकलमध्ये जाऊन बसली. म्हणाली, "वेन्सी, सल्बिंगला मी काय विचारलं होतं, आठवतं का?"

"काय विचारणार? जे सगळ्यांना विचारतेस ते. मुलं किती."

"ती काय म्हणाली?"

"एक."

"खोटं बोलली?"

मी म्हटलं, "खोटं कशाला बोलेल? एकच तर होता."

"खोटं नाहीच बोलली," लुमिंग म्हणाली. "मीच गाढवासारखं विचारलं."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मूल ज्याच्या घरात भात खातं त्याचं. मला कुणी विचारलं तर मी "मुलं चार" सांगतो, आणि त्यातली थोरली माझ्या मेव्हणीची आहे हे मलाच आठवत नाही. ज्याला मूल होत नाही त्याला भाऊ देतो, बहीण देते. सुईण जन्माच्या दाखल्यावर वाढवणाऱ्याचंच नाव घालून मोकळी होते. त्यात कुणी काही लपवत नाही, आणि कुणी काही बोलतही नाही. एकोणीस वर्षं तीनशे घरांत आम्ही हाच प्रश्न विचारत फिरलो, आणि दोघांनाही सुचलं नाही, कारण आम्हीही इथलेच ना!

पण मग आर्नुल्फो कुणाचा? दुखणं तिबुर्सियोच्या घराण्याचं. तिबुर्सियोला बहीण एकच, कॉन्सोर्सिया. सगळा गाव तिला तिया सोर्सिंग म्हणतो, मावशी-आत्या काय ते. राहते आर्नुल्फोच्या शेजारीच, मधे एक कुंपण. तेव्हा त्रेसष्टची होती. लग्न केलं नाही. चॅपेलमध्ये जपमाळ तीच म्हणायची, पोरांना प्रार्थना तीच शिकवायची, मुलीचा झगा गुडघ्याच्या वर गेला तर तिला चॅपेलबाहेर तीच काढायची. लुमिंगने किती वेळा रक्त मागितलं असेल! "मला ना नवरा ना मूल, माझं रक्त घेऊन काय भात शिजवणार?" म्हणून तिने दर वेळी परत पाठवलं. लुमिंगच्या तक्त्यात तिचा गोल एकटाच लटकत होता, खाली एकही रेघ नाही.

मी म्हटलं, "झालं तर मग! फोन लाव त्या डॉक्टरीणीला. मूल दत्तक होतं, एवढं एक वाक्य. तीनशे नळ्या सुटल्या, तू सुटलीस."

"आणि सोर्सिंग?"

"मनिलात सोर्सिंगला कोण ओळखतं?"

"कागद मनिलातच राहतो का? उद्या आर्नुल्फोलाच कळवतील. माझं नाव धुवायला मी दुसरीचं मळवू?"

तिने मनिलाला चिठ्ठी लिहिली. नळ्या बदललेल्या नाहीत, कारण मला सांगता येत नाही. बस. मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, ही कसली चिठ्ठी, हा तर गुन्हा कबूल केल्यासारखा दिसतोय. ती म्हणाली, "तुझी गाडी हाकायची की माझी अक्कल?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी वाईट.

तिचं ते तसंच राहिलं असतं. स्वतःसाठी ती त्या म्हातारीच्या दारात कधीच गेली नसती, हे मी खात्रीने सांगतो. गेली ती जोवेलसाठी.

आर्नुल्फोला रक्ताचा निकाल सांगणं भाग होतं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मनांग, तू सांगितलंस बापाकडून येत नाही. माझ्या आईचं रक्त साफ होतं, तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. मग मला आला कुठून? बापाकडूनच आला ना? बापाकडून मला, माझ्याकडून जोवेलला. तुझ्या मनिलावाल्यांना काही कळत नाही." राग नव्हता त्याच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. लुमिंगने खरं सांगावं तर दुसरीचं गुपित, आणि खोटं तिला येत नाही.

त्यानंतर दुखणं भराभर वाढलं. आम्ही दर आठवड्याला जात होतो, ती त्याला पातळ खीर भरवायला शिकवायची मेर्लिंडाला. एके दिवशी जोवेल शाळेतून येताना दिसला. मला वाटलं पोरगं खेळतंय. प्रत्येक पाऊल असं उंच उचलून टाकत होतं, चिखलातून बगळा चालतो तसं. कोरड्या रस्त्यावर. लुमिंगने विचारलं, "काय रे, असा का चालतोस?" बापाला तो ताताय म्हणायचा. म्हणाला, "चप्पल घासली की ताताय रडतो."

मेर्लिंडाने मग सगळं सांगितलं. पोरगं अडखळलं की आर्नुल्फो पांढरा पडतो. त्याच्यासाठी लहान होडी करायला घेतली होती, ती अर्धी फोडून चुलीत घातली. म्हणतो, याला पाद्र्यांच्या शाळेत टाका, याचं लग्न नको, याच्यापाशी संपू दे. मुलाकडे बघणंच बंद केलंय. "मनांग, नवऱ्याचं मी करीन गं," मेर्लिंडा म्हणाली, "पण पोराला आत्तापासून मेल्यासारखं वागवतोय, ते बघवत नाही."

लुमिंग तिथून उठली ती कुंपण ओलांडून सरळ सोर्सिंगच्या अंगणात. मी मागे. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कोणी थांबवलंही नाही.

म्हातारी तलाबा, म्हणजे कालवं, फोडत बसली होती. सुरीचं टोक शिंपल्यात घालायचं, पिळायचं, आत काढायचं. लुमिंग समोर बसली. रक्त मागितलं नाही, काही विचारलं नाही. म्हणाली, "तिया, आर्नुल्फोला दुखणं आईकडून आलं असेल तर जोवेल सुटला. बापाकडून आलं असं तो समजत राहिला, तर पोरगं जन्मभर पाय उचलून चालेल."

सुरी थांबली नाही. "मग सल्बिंगकडून आलं असेल. तसं सांग त्याला."

"सल्बिंगचं साफ होतं. कागद त्याच्या ट्रंकेत आहे. तो काही बावळट नाही, तिया."

"तुला काय म्हणायचंय?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये."

म्हातारीने सुरी टोपलीत टाकली. "एकोणीस वर्षं लोकांच्या घरात डोकावतेस, पोट भरलं नाही तुझं? कुणाची आई कोण, कुणाचा बाप कोण! ऊठ. माझे तलाबा खराब होतायत."

लुमिंग उठली. पायरीवरून वळून म्हणाली, "मी कुणाला सांगितलेलं नाही. पुढेही सांगणार नाही, मेले तरी. हा वेन्सीही नाही, नाहीतर त्याची जीभ मी कापीन. बोलायचं तर तुम्हीच, नाहीतर कुणीच नाही." आणि आम्ही निघालो. माझ्या जिभेचं मला तिथेच कळलं.

आता पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मधे मधे यायला नको. शेवटी जो दिवस सांगणार आहे त्यानंतर लुमिंगला मनिलाला खरं लिहायची मोकळीक मिळाली, आणि डॉक्टर इलागान स्वतः कापीसला आल्या. लुमिंगच्या ओसरीवर बसल्या, तीनशे घरांच्या वह्या पाहिल्या, आणि उठताना म्हणाल्या, "मिसेस बोरेस, मी तुमच्यावर अन्याय केला." मी दारातून म्हटलं, "जरा मोठ्याने, बाई, मागच्यांना ऐकू आलं नाही." लुमिंगने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडी पुसायला गेलो. पण बाई हसल्या, आणि तेव्हापासून त्या मला आवडतात. तीनशे घरं पुन्हा फिरून झाली, आता दोन प्रश्न विचारत: पोटची किती, आणि घरात वाढलेली किती? दारं लावून, एकेका बाईला वेगळं बसवून, आणि सांगायचं नसेल तर न सांगायची मुभा देऊन. अकरा जणी बोलल्या. अकरा ठिकाणी तक्त्यात रेघ बदलली, आणि नळी एकही बदललेली निघाली नाही. एकही नाही! मनिलातले आता नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी हे दोन प्रश्न शिकवतात. कुणी शोधले ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय. आणि आर्नुल्फोला पुढे पाच वर्षं मिळाली. दुखणं काही थांबलं नाही, औषध अजून नाही. ते शोधणारे शोधतायत.

तर तो दिवस. रविवार, दुपार, चॅपेल सुटून तासभर झालेला. लुमिंग आर्नुल्फोला खीर भरवत होती, मान एका हाताने धरून. मेर्लिंडा चुलीपाशी. जोवेल कोपऱ्यात गृहपाठ करत, बापाच्या पाठीमागे, म्हणजे बापाला दिसणार नाही अशा जागी. मी दारात सिगारेट ओढत.

तिया सोर्सिंग कुंपणाच्या फटीतून आली. चॅपेलचाच काळा झगा अंगावर, डोक्यावरची जाळी काढलेली नाही. मेर्लिंडाने बस म्हटलं. बसली नाही. जोवेलला बाहेर पाठवायला लुमिंग उठली, तर म्हणाली, "राहू दे त्याला. त्याच्यासाठीच आलेय."

मग आर्नुल्फोसमोर उभी राहिली. आम्हाला रोज जपमाळ ऐकवणारा तो खणखणीत आवाज, त्याचा पार चोथा झाला होता.

"आर्नुल्फो, तुझी आई सल्बिंग. तिने तुझं गू-मूत काढलं, तिने तुला भरवलं, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरली. ते मी तिच्याकडून घ्यायला आले नाही. पण हे दुखणं तिचं नाही. तिबुर्सियोचंही नाही. हे माझं आहे. मी बावीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं. मी तुला जन्म दिला आणि चौथ्या दिवशी भावाच्या बायकोच्या हातात दिलं. कुंपणाच्या पलीकडून बघत राहिले. बाकी तुला मी काही दिलं नाही बाळा. दिलं ते हेच."

मेर्लिंडाच्या हातातला डाव तसाच राहिला. मी सिगारेट कुठे टाकली मला आठवत नाही.

आर्नुल्फोची मान डावीकडे ओढली जात होती. ती दोन्ही हातांनी धरून त्याने समोर केली. त्याला बोलायला वेळ लागायचा. आधी तो लुमिंगकडे वळला.

"म्हणजे... जोवेल?"

"जोवेलला नाही," लुमिंग म्हणाली. "कधीच नाही. तू त्याला ते दिलेलंच नाहीस."

तो पुन्हा म्हातारीकडे वळला. "तिया, माझी समजूत काढायला बोलत नाहीयेस ना?"

"या वयात? अशी समजूत काढीन मी?"

"शपथ घे."

"कसली शपथ?"

"तूच माझी आई आहेस म्हणून. शपथ घे."

एक्केचाळीस वर्षं ही बाई या गोष्टीला भीत आली होती. मुलगा विचारील, का टाकलंस? गाव विचारील, कुणाचं? आणि तो विचारत होता ते भलतंच. तिने जोवेलला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि शपथ घेतली. त्याला समाधान झालं नाही. त्याने आणखी एकदा घ्यायला लावली. तिने घेतली.

तेव्हा आर्नुल्फो रडायला लागला. तोंड वाकडं होतं, त्यामुळे हसतोय की रडतोय हे आधी मला कळेना. दोन्ही होतं ते. वाकड्या जिभेने एकच वाक्य परत परत म्हणत होता, आणि तिसऱ्यांदा आम्हाला ते समजलं.

"बरं झालं गं तू माझी आई निघालीस. बरं झालं तूच निघालीस."